उन्तोची सकाळपाळी

जाग आली तरी डोळे मिटून पडून राहायची सवय हेल्वीला लग्नानंतर लागली. तिचा नवरा उन्तो तिच्याआधी उठायचा आणि अनवाणी पायांनी स्वयंपाकघरात जायचा. मग चुलीच्या लोखंडी दाराची कुरकुर, बर्च झाडाच्या सालीची चरचर, लाकडांचा पहिला तडतडाट असं सगळं ओळीने ऐकू यायचं. ती ऐकत पडून राहायची. घर तापलं की तो खोलीच्या दारात येऊन म्हणायचा, "उतर आता. जमीन गरम आहे."

एवढंच. यापुढे दिवसभर काही बोलला तर बोलला. उत्तरेकडच्या बर्फाळ कोइवुयोकी गावात कमी बोलण्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट जास्त बोलणारा दिसला की लोक म्हणतात, याने दारू घेतलीय. पण उन्तो त्या गावातही शब्दांचा कंजूष म्हणून गाजलेला. त्याने लग्नाची मागणी घातली तीसुद्धा कशी? लाकूड कापायच्या गिरणीच्या फाटकाशी हेल्वी तिथं कामाला असलेल्या आईचा डबा घेऊन उभी होती. वितळत्या बर्फातून चालत आली होती. उन्तोने खाली बघितलं आणि म्हणाला, "तुझे बूट ओले आहेत."

"हो."

"आमच्याकडे वाळतील."

तिने याचा जो अर्थ घेतला, तोच बरोबर निघाला. पुढच्या मिडसमरला, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणाला, लग्न झालं.

थंड पायांची गोष्ट हेल्वीच्या बाबतीत साधी नव्हती. महायुद्ध संपता संपता तिची आई शत्रूकडे गेलेल्या करेलिया प्रांतातलं घर टाकून एक गाय घेऊन या गावात आली, तेव्हा हेल्वी पोटात होती. सरकारने त्यांना एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली दिली. लाकडं घरमालकाची, आणि ती हात आखडता ठेवूनच मिळायची. हिवाळाभर हेल्वीच्या पायांची बोटं सुजून लाल व्हायची, खाजायची आणि वसंतात फुटायची. शाळेत मुली तिला 'बदक' म्हणायच्या, कारण ती चालायचीच तशी.

उन्तोचं घर लग्नाच्या वेळी अर्धवट होतं. भिंती होत्या, छप्पर होतं, चूल नव्हती. एक पत्र्याची शेगडी होती, ती पेटलेली असेतोवरच गरम. त्या पहिल्या हिवाळ्यात उन्तो गिरणीतून यायचा, खाटेच्या कडेवर बसायचा, म्हणायचा, "दे इकडं," आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचा. हाताला लाकडाच्या भुश्शाचा आणि डिंकाचा वास. ती लाजून म्हणायची, "झाले की गरम." तो म्हणायचा, "अजून नाही."

पुढच्या उन्हाळ्यात त्याने विटांची चूल स्वतः बांधली. छताला भिडणारी, भिंतीसारखी रुंद. एकदा तापली की दिवसभर ऊब सोडत राहील अशी. शेजारच्या कालेर्वोने विटा वाहिल्या. चूल जराशी डावीकडे कलली. "ही चूल कुणाकडे डोळे लावून बसलीय रे?" असं कालेर्वो आजही विचारतो. कलली असेल, पण त्यानंतर हेल्वीच्या पायांना कधी सूज आली नाही.

लाकडं हा तर उन्तोचा जीव की प्राण. हिवाळ्यात बर्च तोडायचे, वसंतात फोडायचे, मग दोन उन्हाळे वाळू द्यायचे. त्याची रास अशी रेखीव की रस्त्याने जाणारे पुरुष सायकल थांबवून बघायचे. त्या गावात पुरुषाची पारख लाकडांच्या राशीवरून करतात, आणि मला विचाराल तर याहून वाईट मोजमापं मी पाहिली आहेत. कालेर्वो म्हणायचा, "हा मेला तरी याची लाकडं आणखी वीस वर्षं पुरतील. हेल्वी, तुला दुसरा नवरा करायला भरपूर वेळ आहे."

"तू सोडून," हेल्वी म्हणायची.

मग गावाबाहेर 'खोकं' आलं. करडी, बिनखिडक्यांची, चर्चपेक्षाही लांब इमारत. आत नुसते संगणक. लोकांचे फोटो, बँकांचे हिशेब, कुणाचे कुठले सिनेमे, सगळं त्या यंत्रांत. यंत्रं अहोरात्र चालायची आणि चालून तापायची. ती तापलेली हवा सुरुवातीला पंख्यांनी बाहेर सोडत. खोक्याच्या छपरावर हिवाळाभर कावळे ऊब खात बसलेले असायचे. मग नगरपालिकेला वाटलं, कावळ्यांनी एवढं काय पुण्य केलंय? खोक्याशेजारी एक पंपघर उभं राहिलं. यंत्रांची उष्णता पाण्यात उतरवायची आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरवायचं. दलदलीतलं पीट, म्हणजे कुजून मातीसारखं झालेलं गवत, जाळून गावाला ऊब देणारा जुना बॉयलर बंद पडला, त्याचं धुरकट धुराडं थंड झालं.

हेल्वीच्या गल्लीतही नळ आले. सगळ्यांनी जोडून घेतले. कालेर्वो पहिला. डिसेंबरात तो चड्डीवर खिडकीत उभा राहून कॉफी प्यायचा, फक्त उन्तोला दिसावं म्हणून. कुंपणावरून ओरडायचा, "अरे, आता तरी घे की! काडी लावायला नको, राख काढायला नको!"

उन्तो कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "माझी बायको परक्याच्या गरम पाण्यावर झोपणार नाही."

पडद्याआड उभ्या हेल्वीने ते ऐकलं. तिला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने एवढी मोठी गोष्ट कुंपणावरून ओरडून सांगितली असती?

मग उन्तो विसरायला लागला. आधी गिरणीतल्या सोबत्यांची नावं गेली. मग दुकानाचा रस्ता. मग ओउलूला राहणाऱ्या लेकीचं, मेर्याचं, नाव. आणि एके दिवशी कॉफी पिता पिता त्याने हेल्वीला अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही इथंच राहता का?"

हेल्वीने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. "हो. बरेच दिवस झाले."

"बरं आहे. घर चांगलं आहे."

"चांगलंच आहे," ती म्हणाली आणि पातेलं घासायला उठली. पातेलं स्वच्छच होतं.

हात मात्र विसरले नव्हते. पहाटे दाराची कुरकुर, सालीची चरचर. आणि ते वाक्य. तिचं नाव त्याला आठवत नव्हतं, पण दारात येऊन "उतर आता, जमीन गरम आहे" म्हणायचं तो एकही दिवस चुकला नाही.

चुकला तो झडपेत. लाकडं जळून निखारे झाले की धुराड्याची झडप बंद करायची, नाहीतर चुलीतली सगळी ऊब आभाळात. उशीर केला तर घर गार. घाई केली तर त्याहून वाईट, कारण निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असतानाच झडप लावली की बिनवासाचा विषारी वायू घरात भरतो. त्या गावातल्या पोरांना हे अक्षरं शिकण्याआधी शिकवतात. पण ऊब वाया जाऊ नये हे उन्तोच्या हाडात इतकं भिनलेलं की निळी ज्योत तो विसरला आणि काटकसर लक्षात राहिली.

मार्चची दुपार होती. हेल्वीचं डोकं जड झालं म्हणून ती आडवी झाली. उन्तो खुर्चीत पेंगत होता. कालेर्वो तळ्याच्या बर्फाला भोक पाडून धरलेले मासे दाखवायला आला. दाखवायलाच, द्यायला नव्हे. त्याने हाक मारली, उत्तर नाही. आत आला आणि बघितलं. दारं-खिडक्या उघडून त्याने दोघांना मोज्यांवर फरफटत अंगणातल्या बर्फात आणलं. "मासे तिथंच टाकले मी," हे तो अजून सगळ्यांना ऐकवतो. ऐकवू दे. तो आला नसता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

आठवडाभराने स्वयंपाकघरात बैठक बसली. मेर्या ओउलूहून आली होती, आणि नगरपालिकेची नर्स औती होती. औती तरुण, बोलायला मऊ, पण मनाने पक्की.

"आई, बाबांना पाइनटेकडीला ठेवू या," मेर्या म्हणाली. पाइनटेकडी म्हणजे म्हाताऱ्यांचं निवासस्थान. "तू रोज भेटायला जा. मी नको म्हणत नाही. पण असं नाही चालणार गं."

"त्याला तिथं पहाटे उठून काय करायचं?"

"काही नाही करायचं. विश्रांती घ्यायची."

"तू तुझ्या बापाला ओळखत नाहीस," हेल्वी म्हणाली.

औतीने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता. "हेल्वी, मला त्यांना इथून हलवायची हौस नाही. पण घरात विस्तव राहिला तर मला हलवावंच लागेल. आधी तुमच्यासाठी, मग त्यांच्यासाठी."

"आणि विस्तव नसला तर?"

"तर बघू. पण मग घर कशाने तापवणार?"

हेल्वीने खिडकीबाहेर बघितलं. कालेर्वोच्या धुराड्यातून धूर येत नव्हता आणि कालेर्वो चड्डीवर उभा होता.

तिने नगरपालिकेच्या ऊब खात्यातल्या यार्क्कोला फोन केला. बर्फ वितळल्यावर अंगणात चर खणला गेला. उन्तो रोज तिथं उभा राहून देखरेख करायचा. बटाट्यांसाठी खणताहेत असं त्याला वाटलं आणि चर फार खोल आहे म्हणून तो कुरकुरत राहिला. यार्क्को भला माणूस. "बघतो," म्हणायचा आणि फावडं चालवत राहायचा. शरद लागेतो खिडक्यांखाली गरम पाण्याने तापणारे रेडिएटर बसले. ओसरीतल्या कोपऱ्यात एक पांढरी पेटी आली. गावच्या नळातली ऊब घरच्या पाण्यात उतरवणारी. शेवटी धुराडं साफ करणाऱ्याने येऊन चुलीच्या दारावर आडवी लोखंडी पट्टी बसवली. अंगणातल्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, कुलूप लागलं. शनिवारी आंघोळीला कालेर्वोकडे जायचं, सरपण मात्र उन्तोचं, असं ठरलं. घरातल्या काड्या आणि मेणबत्त्याही हेल्वीने कालेर्वोकडे पोचवल्या.

त्या दिवशी ती लाकडांच्या खोपटात जाऊन रडली. नवऱ्याचे हात बांधून ठेवल्यासारखं तिला वाटत होतं. परक्याच्या गरम पाण्यावर झोपायला ती आपण होऊन गेली होती, आणि तेही तो भांडू शकत नसताना.

पहिली कडक थंडी पडली तशी पेटी गुणगुणायला लागली. उन्तो पहाटे उठला. चुलीचं दार उघडेना. आणि घर तर गरम! त्याने भिंतींवरून हात फिरवला, रेडिएटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"पेटलंय! भिंतीत पेटलंय कुठंतरी!"

हेल्वी येईपर्यंत त्याने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. बाहेरची थंडी धावून घरात आली. तिने समजावलं, खिडक्या लावल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ऊब आहे आणि विस्तव नाही हे त्या माणसाच्या डोक्यात बसेना. बसणार तरी कसं? जन्मभर त्याने एकही ऊब फुकट घेतलेली नव्हती.

आणि मग नोव्हेंबरात एकदा धुराच्या वासाने ती उठली. उन्तोने जुन्या कोटाच्या अस्तरातून एक काडेपेटी शोधून काढली होती. ओसरीत लोखंडी बादली होती, बादलीत बर्चची साल आणि बारीक लाकडं ढणढणत होती. तो शेजारी उकिडवा बसून हात शेकत होता आणि चेहऱ्यावर इतकं समाधान, की बादलीवर पाणी ओतताना हेल्वीने त्याच्याकडे बघणं टाळलं.

फळ्यांवरचा काळा डाग लपवता आला नाही. औतीने वाकून त्यावरून बोट फिरवलं.

"पाइनटेकडीला नाताळाआधी एक खाट रिकामी होतेय," ती म्हणाली. "ती मी धरून ठेवते. त्याआधी एकदा पहाटे येईन, ते उठायच्या वेळी. मला स्वतःला बघू दे. पुन्हा असं काही दिसलं, तर हेल्वी, मग मला आग्रह करू नका."

"नाही करणार," हेल्वी म्हणाली. औतीचा तिला राग आला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. रागवायला कुणी असतं तर बरं झालं असतं.

तिने ठरवलं, विस्तव कुठे आहे ते याला एकदा दाखवायचं. खुर्ची बसवलेली ढकलगाडी काढली, बर्फावर घसरते ती. उन्तोला खुर्चीवर बसवलं, मांडीवर गोधडी घातली आणि मागच्या पट्टीवर एक पाय ठेवून दुसऱ्याने रेटत निघाली. कालेर्वो फाटकाशी उभाच होता.

"कुठं पळवून नेतेस त्याला?"

"खोकं दाखवायला."

"लग्नानंतर इतक्या वर्षांनी फिरायला नेतेय, तेही खोक्याला! माझी बायको मेली ते बरं झालं, तिनेही हट्ट धरला असता," कालेर्वो म्हणाला आणि चढावर गाडी ढकलायला मागे लागला.

पंपघरात यार्क्को होता. आत उबदार होतं, माणसाच्या कमरेएवढे जाड नळ होते आणि सगळीकडे एकच घरघर. उन्तोने टोपी काढली. गिरणीत साहेबाच्या खोलीत शिरताना काढायचा तशी.

"भट्टी कुठाय?" त्याने विचारलं.

"भट्टी नाही, उन्तो. पलीकडे यंत्रं आहेत, ती काम करून तापतात. त्यांची ऊब आपण घेतो."

"जाळता काय?"

"काही नाही. तुझ्या मेर्याने फोटो पाठवला, कुणी बँकेत पैसे भरले, कुणी सिनेमा बघितला, की यंत्रं तापतात."

उन्तोने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की थापा मारायला आम्हीच सापडलो का? मग त्याने नळावर तळवा टेकवला आणि तसाच उभा राहिला.

"सकाळपाळीला कोण असतं?"

"पहाटे? कुणी नाही. सगळं आपोआप चालतं."

परत येताना घर दिसायला लागल्यावर तो खुर्चीवरून मागे वळून म्हणाला, "सकाळपाळीला माणूसच नाही. विझणार ते."

हेल्वी थांबली. ढकलगाडी आपल्या नादात थोडी पुढे गेली. इतके दिवस ती त्याला ऊब कुठून येते ते समजावत होती. त्याची काळजी ती नव्हतीच. ऊब कुठूनही येवो, सांभाळायला कुणी आहे की नाही एवढंच त्याला हवं होतं. आणि तिने तर त्यालाच कामावरून काढून टाकलं होतं.

"उन्तो," ती पुढे येऊन म्हणाली, "यार्क्कोने तुझ्यासाठी निरोप दिलाय. सकाळपाळी तू करायची." यार्क्कोने असा काही निरोप दिला नव्हता.

"मी?"

"दुसरा माणूस नाही त्यांच्याकडे."

उन्तोने विचार केला. "मग लवकर झोपायला हवं," तो म्हणाला.

दुसऱ्या पहाटे तिने त्याला काम शिकवलं. खोपटातून एक लाकूड आणायचं. पांढऱ्या पेटीपुढे ठेवायचं. पेटीखालच्या नळावर तळवा टेकवायचा. गरम आहे? मग झालं. मग येऊन तिला उठवायचं. पहिले काही दिवस ती बरोबर चालली. मग तिने सगळ्यात अवघड गोष्ट केली, ती म्हणजे डोळे मिटून पडून राहिली. दाराची कुरकुर नाही, सालीची चरचर नाही. ओसरीच्या दाराचा आवाज, पावलं, लाकूड ठेवल्याचा ठप्प. मग शांतता, तो नळावर हात ठेवून उभा असेल. आणि मग दारात तो.

"उतर आता. जमीन गरम आहे."

संध्याकाळी त्याची नजर चुकवून ती ते लाकूड परत राशीवर ठेवायची. कालेर्वोला हे कळलं तेव्हा तो गुडघ्यावर थापा मारत हसला. "पेटीला न्याहारी घालतोय?" पण हेल्वीची कंबर धरली त्या दिवशी लाकूड गुपचूप परत न्यायला तोच आला आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला.

एक गोष्ट मात्र हेल्वी लपवून होती. जमीन गरम नसायची. रेडिएटर भिंतींना ऊब देतात, खोलीला देतात. पण त्या जुन्या फळ्यांना खालून तापवायची ती चूलच. आता फळ्या गार पडल्या होत्या. खाटेशी तिने स्वतः विणलेली चिंध्यांची सतरंजी होती, त्याच्याच जुन्या सदऱ्यांची. पाय तिच्यावर पडायचे म्हणून निभावत होतं.

नाताळ जवळ आला. कोरडा, पिठासारखा बर्फ पडला की त्या गावच्या बायका घरातल्या सगळ्या सतरंज्या बाहेर काढून बर्फावर पालथ्या घालून झोडपतात आणि दांड्यावर टाकून ठेवतात. रंग असे उजळतात की बघत राहावं. हेल्वीनेही टाकल्या. हात दुखून आले म्हणून आत आणायचं उद्यावर ढकललं.

आणि दुसऱ्याच पहाटे औती आली. दाराशी बूट काढून मोज्यांवर हलकेच स्वयंपाकघरात येऊन बसली. हेल्वीने दार उघडलं होतं. ती पुन्हा खाटेवर जाऊन पडली.

उन्तो उठला. स्वयंपाकघरात औतीला बघून थबकला. "नवीन दिसतेस."

"हो," औती म्हणाली.

"सकाळपाळी माझी आहे," त्याने बजावलं आणि तो खोपटाकडे गेला. लाकूड आणलं. पेटीपुढे ठेवलं. तळवा नळावर टेकवला. औती बघत होती. मग तो खोलीच्या दारात आला.

"उतर आता. जमीन गरम आहे."

हेल्वीने पाय खाली सोडले. सतरंजी नव्हती. फळ्यांचा गारठा तळव्यांना असा झोंबला, की तिने नकळत पाय वर ओढून घेतले.

उन्तोने ते पाहिलं.

"गरमच आहे," ती घाईने म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी या एका बाबतीत कधी खोटं बोलली नव्हती.

तो वाकला. गुडघ्यावर हात देत, कण्हत वाकला आणि फळीवर तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. मग उठला आणि स्वयंपाकघरात गेला. हेल्वीला त्याची पावलं चुलीशी थांबलेली ऐकू आली. लोखंडी पट्टी हलवल्याचा खडखड आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. ओसरीत ते लाकूड होतं, कोपऱ्यात बादली होती. तिला वाटलं, संपलं. एका सतरंजीपायी मी याला घालवलं. औतीची खुर्ची सरकली.

पावलं परत आली.

उन्तो खाटेच्या कडेवर बसला. हात रिकामे होते. ते त्याने एकमेकांवर चोळले.

"दे इकडं," तो म्हणाला.

त्याने तिचे दोन्ही पाय मांडीवर ओढून घेतले आणि चोळायला लागला. आधी टाचा, मग तळवे, मग एकेक बोट. हात म्हातारे झाले होते, कातडी सैल पडली होती, पण दाब तोच होता. औती दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"झाले की गरम," हेल्वी म्हणाली.

"अजून नाही. सकाळपाळी सुटली नाही अजून."

औती मागे फिरली. स्वयंपाकघरात तिने विजेच्या शेगडीवर कॉफीचं पाणी ठेवलं. मग तिचा फोनवरचा हलका आवाज ऐकू आला. "पाइनटेकडी का? ती धरून ठेवलेली खाट... हो, द्या दुसऱ्या कुणाला. नाही, इथं नको आहे."

हेल्वीने डोळे पुसले नाहीत, कारण त्यासाठी हलावं लागलं असतं. उन्तो तिच्या पायांकडे बघत होता. चोळता चोळता तो थांबला, काहीतरी जुळवत असल्यासारखा.

"तुझे बूट ओले होते ना?" तो म्हणाला.

"हो."

"वाळतील." त्याने पुन्हा चोळायला सुरुवात केली. "राहा इथंच."